‘समजलं का?’ असं कधीच न विचारणाऱ्या सिस्टर

मधुमेहापायी आमच्या हिच्या दोन्ही मूत्रपिंडांनी हात टेकले, तेव्हा डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. एक यंत्रावरच्या डायलिसिसची: आठवड्यातून तीन खेपा, दर खेपेला साधारण चार तास. दुसरी पोटातल्या डायलिसिसची, म्हणजे सीएपीडीची: घरी, रोज, आपल्या हातांनी. आमची वाडी पाटणच्या पुढे डोंगरात. कराड गाठायचं तर सकाळची पहिली एसटी धरायची आणि परत येईतो दिवस बुडालेला. पावसाळ्यात दरड आली की तेही नाही. हिने सरळ विचारलं, “म्हणजे मी जगायचं ते एसटीत बसायला का?” आम्ही दुसरी वाट धरली. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मास्तरकी करून निवृत्त झालेला मी त्यामुळे पुन्हा विद्यार्थी झालो, आणि हयातभर शिकवण्याचं काम केल्यामुळे शिकवणाऱ्याकडे जरा बारीक नजरेने बघत राहिलो.

आधी काम काय ते सांगतो. पोटाच्या पोकळीला आतून एक पातळ पडदा असतो. रक्त गाळायचं काम त्या पडद्याकडून करून घ्यायचं. पोटात एक मऊ नळी कायमची बसवतात, ती जागा भरून यायला शक्यतो दोन आठवडे देतात. मग त्या नळीतून दोन लिटर द्रव आत सोडायचा, चार-सहा तास राहू द्यायचा, रक्तातली घाण त्यात उतरली की तो काढून टाकून नवा भरायचा. द्रवात ग्लुकोज असतं, ते अंगातलं जास्तीचं पाणी ओढून घेतं. या अदलाबदलीला दवाखान्यात ‘एक्स्चेंज’ म्हणतात, आता आमच्या घरातही तेच म्हणतात. एका एक्स्चेंजला अर्धा-पाऊण तास लागतो. आम्हाला दिवसाला तीन सांगितली होती.

यात जोर लावायचं काही नाही, बुद्धी फार चालवायचीही गरज नाही. धोका एकच, पण मोठा. नळी जोडताना किंवा सोडताना उघड्या टोकाला बोट, चादर, श्वास, काहीही लागलं की जंतू थेट पोटात. त्या संसर्गाला पेरिटोनायटिस म्हणतात. पोट दुखतं, ताप येतो, वेळेत उपचार झाले नाहीत तर जिवावर बेततं, आणि वारंवार झालं तर पडदाच निकामी होऊन ही वाट बंद होते. डॉक्टर नळी बसवून मोकळे होतात. पुढचं सगळं, सिस्टर काय आणि कसं शिकवतात त्यावर.

सिस्टरांच्या शिकवण्याचा आम्हाला याआधीही एक अनुभव होता. काही वर्षांपूर्वी हिला इन्सुलिन सुरू झालं, तेव्हा एका दवाखान्यात सुट्टीच्या दिवशी, बिलाची धावपळ चालू असताना, एक सिस्टर फाइल घेऊन आल्या. इथे टोचा, फ्रिजमध्ये ठेवा, जागा बदलत राहा, जेवणाआधी घ्या, चक्कर आली तर साखर खा. एका दमात. “समजलं ना?” आम्ही दोघांनी माना डोलावल्या. फाइलवर एक टिकमार्क झाला. त्या बाईंना दोष देत नाही, त्यांच्या अंगावर अख्खा वॉर्ड होता. पण ‘समजलं का?’ या प्रश्नाची लायकी मला वर्गात रोज कळत होती. चाळीस पोरं एका सुरात ‘होऽऽ’ म्हणतात, आणि दुसऱ्या मिनिटाला फळ्यावरचं गणित एकालाही येत नसतं.

डायलिसिस शिकवणाऱ्या पुण्यातल्या या सिस्टर वेगळ्या निघाल्या. पहिल्या दिवशी त्यांनी द्रवाच्या पिशवीला हातसुद्धा लावला नाही. नुसते प्रश्न. घरात पाणी नळाचं की विहिरीचं? लाइट कितीदा जाते? खोलीला दार आहे की पडदा? मांजर आहे का? घरात अजून कोण कोण? “काकू, सुईत दोरा ओवता येतो का अजून?” मला वाटलं, कुठला तरी फॉर्म भरून घेतायत. मग लक्षात आलं. आमच्या पाठ टाचणात ‘पूर्वज्ञान’ नावाचा रकाना असतो. तो भरला इमानेइतबारे जातो, वापरला क्वचितच जातो. या बाई तो वापरत होत्या. हिला सुईत दोरा ओवता येत नाही म्हणजे मधुमेहाने नजर अधू झालीय आणि बोटांच्या टोकांना नीट कळत नाही, हे त्यांनी एका प्रश्नात काढून घेतलं. मांजर आहे म्हटल्यावर दार असलेली खोली ठरली. लाइट जाते म्हटल्यावर बॅटरीचा दिवा यादीत आला. आणि मुख्य निर्णय झाला: हात माझे चालतील, पण शिकायचं दोघांनी. “गुरुजी तालुक्याला गेले आणि बस चुकली, तर काकूंनी काय करायचं?”

दुसऱ्या दिवशीही शिकवणं सुरू झालं नाही, आणि त्याचं कारण ही. पोटातून बाहेर आलेल्या नळीकडे ती बघतच नव्हती. पदर ओढून भिंतीकडे तोंड. मी असतो तर समजावण्याचं भाषण सुरू केलं असतं. सिस्टरांनी काय केलं, तर महिन्याच्या तपासणीला आलेल्या एका जुन्या पेशंटला आमच्या खोलीत बसवलं आणि “मी आलेच” म्हणून निघून गेल्या. ते गृहस्थ किराणा दुकानदार. दुपारचं एक्स्चेंज दुकानामागच्या खोलीत करतात, म्हणाले. हिने त्यांना कसले प्रश्न विचारले! झोपताना कुशीवर वळता येतं का, आंघोळ कशी करता, लुगड्याची गाठ कुठे मारायची (हे त्या बिचाऱ्याला कुठून माहीत असणार), लग्नकार्याला जाता का. यातला एकही प्रश्न ती सिस्टरांना विचारायची नाही, मलाही नाही. सिस्टर परत आल्या तेव्हा पदर बाजूला होता आणि त्या गृहस्थांची नळी आपल्यापेक्षा लांब की आखूड, यावर चर्चा चालली होती. शिकवणाऱ्याने खोलीतून कधी बाहेर पडायचं, हे कुठल्या डी.एड.ला शिकवतात?

मग सराव. पोटावर बांधायचा एक एप्रन होता, त्याला नळी शिवलेली. सिस्टरांनी पहिल्यांदा अख्खं एक्स्चेंज करून दाखवलं, एक अक्षर न बोलता. आम्ही फक्त बघायचं. दुसऱ्यांदा प्रत्येक पायरीला थांबून, काय करतोय आणि का ते सांगत. तिसऱ्यांदा गंमत. हात त्यांचे, तोंड माझं. मी सांगेन तेवढंच त्या करणार. मी म्हटलं, “आता नळी जोडा.” त्या तशाच बसून. “जोडा ना.” “गुरुजी, माझ्या तोंडाला मास्क कुठाय?” पुन्हा पहिल्यापासून. चौथ्यांदा हात माझे, आणि त्या गप्प. फक्त डोळे माझ्या बोटांवर.

मुलाने पुढे नेटवर शोधून सांगितलं, की या चार पायऱ्या रॉडनी पेटन नावाच्या सर्जनने १९९८ मध्ये मांडल्या, आणि नव्या डॉक्टरांना, नर्सेसना हाताची कामं अशीच शिकवतात. असेल. पण तिसरी पायरी, म्हणजे विद्यार्थ्याने तोंडाने सांगायचं आणि गुरूने हुकमाच्या ताबेदारासारखं फक्त तेवढंच करायचं, ही मी उभ्या नोकरीत कुठल्या वर्गात पाहिली नाही. खरं कसब तिथेच आहे. बघून केलेली नक्कल हाताला येते आणि विसरते. क्रम तोंडातून काढावा लागला की कुठे काय गळतंय ते शिकणाऱ्यालाच ऐकू येतं.

हात धुणं हा स्वतंत्र पाठ होता, आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा अवघड. सिस्टरांनी तळहातावर थोडा पोस्टर कलर दिला, डोळे मिटायला लावले आणि म्हणाल्या, हा साबण समजून हात धुतल्यासारखे चोळा. डोळे उघडले तर दोन्ही अंगठे कोरे, नखांच्या कडा कोऱ्या, उजव्या हाताची मागची बाजू अर्धी कोरी. त्या काही बोलल्या नाहीत. बोलायला काही उरलं नव्हतं. त्यानंतर दोन मिनिटं साबणाने धुवायचं, स्वच्छ कोरड्या कपड्याने पुसायचं आणि नळ बंद करायला धुतलेला हात वापरायचा नाही, हे मला पुन्हा सांगावं लागलं नाही.

आम्हा दोघांची शिकण्याची तऱ्हा निराळी. मला ‘का’ कळल्याशिवाय पुढे सरकवत नाही. पंखा बंद का? खिडकी बंद का? पिशवी गरम पाण्यात बुडवून कोमट का करायची नाही? सिस्टर न कंटाळता सांगायच्या: पंख्याने धूळ उडते, आणि पिशवी पाण्यात घातली तर जोडणीच्या टोकाशी ओल राहते, ओलीत जंतू. मला एवढा रस आहे म्हटल्यावर त्यांनी जुनी गोष्टही सांगितली. १९७६ साली अमेरिकेत टेक्सासमध्ये पोपोविच आणि मॉनक्रीफ यांनी ही पद्धत मांडली, तेव्हा द्रव काचेच्या बाटल्यांतून यायचा आणि दर वेळी जोडाजोडी वाढल्याने पेशंटला सारखे संसर्ग व्हायचे. पुढे टोरांटोला ओरिओपूलोस यांनी प्लॅस्टिकच्या पिशव्या वापरल्या, मग भरलेली आणि रिकामी अशा दोन पिशव्या एकत्र असलेली जोडपिशवी आली. तिच्यात आधी नळी धुऊन निघते आणि मगच नवा द्रव पोटात जातो. हे ऐकल्यावर ‘पहिली धार वाया घालवा’ ही सूचना मी कधी विसरेन असं वाटत नाही.

हिला यातलं काही नको होतं. ती थोडा वेळ बघत बसली आणि म्हणाली, “हे तर सोवळ्यातल्या स्वयंपाकासारखं झालं. एकदा हात धुतला की कशाला शिवायचं नाही, शिवलं की पुन्हा धुवायचा.” सिस्टर खूश. त्या क्षणापासून त्यांच्या बोलण्यात सोवळं आलं. “काकू, नाकाला हात लागला, सोवळं मोडलं.” पण त्यांनी एक गोष्ट लगेच स्पष्ट केली, आणि मला ती फार महत्त्वाची वाटली: “यात माणूस ओवळा नसतो बरं का काकू, फक्त न धुतलेला हात. आणि सोवळ्याचा कद वर्षानुवर्षं न धुता चालतो, तसं इथे नाही, टॉवेल रोज धुतलेला पाहिजे.” आमच्या सासूबाईंच्या सोवळ्याने कुणाकुणाला उंबऱ्याबाहेर ठेवलं ते आठवून मी मनात म्हटलं, इतक्या वर्षांनी याचा काही उपयोग तरी झाला.

पिशव्यांवर ग्लुकोजचं प्रमाण बारीक अक्षरांत असतं: दीड टक्का, अडीच टक्के, सव्वाचार टक्के. हिला ते दिसेना. मग आमच्या पिशव्यांच्या कड्यांच्या रंगावरून शिकवलं: पिवळं, हिरवं, लाल. रोजचं पिवळं, पायावर सूज दिसली तर हिरवं, आणि लालला फोन केल्याशिवाय हात लावायचा नाही. निघालेला द्रव गढूळ आहे की नाही ते कसं ठरवायचं? ‘गढूळ’ म्हणजे नक्की किती? सिस्टरांनी निघालेल्या द्रवाची पिशवी छापील वर्तमानपत्रावर ठेवली. “पिशवीतून अक्षरं वाचता आली तर ठीक. नाही आली तर ती पिशवी फेकायची नाही, तशीच घेऊन लगेच निघायचं.” हिला अक्षरं दिसत नाहीत, म्हणून हे काम कायमचं माझ्याकडे.

आठवड्याच्या मध्याला संकटांचा तास सुरू झाला. मी एक्स्चेंज करत असताना सिस्टर मुद्दाम माझा मोबाइल वाजवायच्या. दारातून कुणाला तरी हाक मारायला लावायच्या. एकदा नळीचं टोपणच लपवून ठेवलं. “गुरुजी, नळीचं टोक चादरीला लागलं. आता?” जोडायच्या आधी लागलं असेल तर ती पिशवी बाद, नवी घ्यायची. पोटाच्या नळीचं टोक लागलं असेल तर क्लॅम्प बंद, नवं टोपण, आणि आधी फोन. “निम्मा द्रव निघाला आणि थांबला?” नळीला पीळ पडलाय का बघायचं, कूस बदलायला सांगायचं, आणि पोट साफ झालंय का ते विचारायचं, कारण बद्धकोष्ठ असलं तरी निचरा अडतो. शाळेत आम्ही सगळी उदाहरणं सरळ घालतो आणि परीक्षेत एक वाकडं विचारतो. इथे वाकडी उदाहरणं आधी, आणि ती सोडवताना चुकलं तरी एप्रनलाच लागणार.

छापील पुस्तिका त्यांनी शेवटी दिली. त्याआधी मला माझ्या शब्दांत सगळं कागदावर लिहायला लावलं. मी वळणदार अक्षरात दोन पानं लिहिली, थोडा अभिमानही वाटला. त्या तांबडं पेन घेऊन बसल्या. ‘हात स्वच्छ धुणे’ याखाली रेघ: किती वेळ? ‘द्रव मोजणे’: कशाने? मोजून काय करणे? मग मी लिहिलं: ताणकाट्याला पिशवी अडकवणे, रिकाम्या पिशवीचं वजन वजा करणे, घातले २००० आणि निघाले २३०० मिलि तर ३०० जास्त, वहीत नोंद, सोबत सकाळचं वजन आणि रक्तदाब. बायको पलंगावरून बघत होती, माझ्या कागदावर तांबड्या रेघा. तिचा चेहरा बऱ्याच आठवड्यांनी असा खुलला.

एक गोष्ट त्या फार कसोशीने पाळायच्या: वेळ. तास-सव्वा तास झाला की बंद. मूत्रपिंड निकामी झालेल्या माणसाच्या रक्तात घाण साचलेली असते, त्याला लवकर थकवा येतो, ध्यान टिकत नाही. ही डोळे मिटू लागली की त्या “काकू, चहा घ्या” म्हणून उठायच्या. चहा मात्र मोजून, अर्धा कप. इंटरनॅशनल सोसायटी फॉर पेरिटोनियल डायलिसिस या संस्थेच्या परिचारिकांनी २०१६ मध्ये हे डायलिसिस शिकवण्याचा अभ्यासक्रमच प्रसिद्ध केला आहे, असं त्यांच्याकडूनच कळलं. पण अभ्यासक्रम तर आमच्याकडेही होताच की. तो वाचून अर्धा कप चहा सुचत नाही.

मला टोचलं ते वेगळंच. हे सगळं करताना सिस्टरांची वॉर्डातली ड्यूटी चालूच होती. कुणाची सलाइन, कुणाचं ड्रेसिंग, कुणाचे नातेवाईक भांडायला आलेले. आमचा तास मोडायचा, त्या परत यायच्या. मी विचारलं, शिकवायला म्हणून वेगळी वेळ नाही का दिलेली? त्या हसल्या. म्हणाल्या, माणसं कमी पडली की पहिलं हेच कापलं जातं. औषध चुकलं तर दुसऱ्या दिवशी दिसतं, शिकवायचं राहिलं तर दोन महिन्यांनी पेशंट तापाने फणफणून येतो, आणि तोवर कुणाला आठवतं? आम्हा शिक्षकांची जन्माची तक्रार असते, की जनगणना, निवडणूक, खिचडीचे हिशेब, असल्या शाळाबाह्य कामांत शिकवणं राहून जातं. इथे तर शिकवणं हेच बाह्य काम धरलेलं. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमात २०१९ पासून पोटाच्या डायलिसिससाठीही मार्गदर्शक सूचना आहेत. पिशव्या कोण पुरवणार याचा विचार कुणीतरी करेलच. पण प्रत्येक घरामागे जी सिस्टर लागते, तिच्या तासांचा हिशेब कुणी मांडतं का, ते मला बघायचंय.

घरी आल्यावर पहिले काही दिवस व्हिडिओ कॉल. फोन खिडकीत उभा करायचा आणि त्यांच्याशी न बोलता एक्स्चेंज करायचं, अशी अट. त्या तिकडून बघायच्या. भिंतीवरचा खिळा पिशवी टांगायला पुरेसा उंच नाही, हे त्यांनी तिथून ओळखलं; आत जायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागत होता. खिळा वर गेला. खोलीभर खोकी रचलेली, महिन्याच्या नव्वद पिशव्या म्हणजे चेष्टा नाही. त्यातली आधी आलेली आधी वापरायची, म्हणून खोक्यांवर तारखा मोठ्या अक्षरात. तीन महिन्यांनी उजळणीला बोलावलं, तेव्हा मी जरा कुरकुरलो, आता काय राहिलंय म्हणून. त्यांचं म्हणणं, नवखा माणूस घाबरून नीट करतो. सरावलेल्या माणसाचा हात आपोआप चालतो, आणि आपोआप चालणारा हात बघावा लागतो. पुन्हा एप्रन, पुन्हा रंग. या खेपेला अंगठे रंगलेले निघाले.

आता सूनबाईला शिकवायचं ठरलंय, म्हणजे मला कधी परगावी जाता येईल. शिकवणार मी. सिस्टरांनी फोनवर दोन अटी घातल्या. एक, तिसरी पायरी गाळायची नाही: तिच्या तोंडून सगळं निघेपर्यंत तिच्या हातात नळी द्यायची नाही. दुसरी, शिकवा तुम्ही, पण परीक्षा मी घेणार. म्हटलं, माझ्यावर विश्वास नाही का? “गुरुजी, घरच्या माणसाला घरचं माणूस पास करतंच.” बाई बरोबर होत्या. पहिल्या परीक्षेत सूनबाई नापास झाली. मास्क चढवल्यावर केस सारखे करायला तिचा हात वर गेला होता, आणि माझ्या डोळ्यांसमोर असून मला दिसलं नव्हतं. दुसऱ्या खेपेला पास झाली. दुपारचं एक्स्चेंज सध्या तिच्याकडे आहे, वहीत नोंद मात्र अजून मीच करतो.